किबेरातली भाजीवाली आणि आपले बचत गट
(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला बोलायला सांगितलंय ते आफ्रिकेतल्या झोपडवस्तीतल्या बायकांच्या धंद्यांबद्दल. पण दुपारच्या सत्रात आपल्याला एका ठरावावर मत द्यायचं आहे. ते डोक्यात ठेवूनच मी बोलणार आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी सहलीच्या गोष्टी सांगता सांगता प्रचार केला!

२०२३ साली बचत गटांच्या देवाणघेवाणीत आम्ही चौघीजणी केनियाला, नैरोबीला गेलो होतो. तिथे पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एका पोराने मला ‘मामा’ अशी हाक मारली. मी मागे वळून पाहिलं, कुणी पुरुष आहे का म्हणून. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. बाबा तेवढे आपल्यासारखेच बाबा! पहिले दोन दिवस आम्ही नुसत्या हसत होतो. मग लक्षात आलं की या भाषेत आपली बरीच मंडळी आधीच जाऊन बसली आहेत. दुकानाला ते ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, रंगाला ‘रंगी’, पैशाला ‘पेसा’. चपाती ती चपातीच. बेपारी हा शब्दही आहे, पण तो आता भांडवलदाराला शिवी दिल्यासारखा वापरतात. हिंदी महासागरातून व्यापारी गेले, पुढे १८९६ पासून रेल्वे बांधायला इंग्रजांनी इकडून हजारो मजूर नेले, त्यांच्यामागून दुकानदार गेले. शब्द हे असे गेले. धंद्याचेच शब्द जास्त गेले, हे ध्यानात घ्या.

ती रेल्वे किबेराच्या मधून जाते. किबेरा ही नैरोबीतली सगळ्यात गाजलेली झोपडवस्ती. तिथे दहा लाख माणसं राहतात, आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी आहे, असं कित्येक अहवालांत छापून येत असे. २००९ च्या जनगणनेत मोजली तेव्हा ती भरली सुमारे एक लाख सत्तर हजार. मला यात गंमत वाटत नाही, राग येतो. दहा लाख म्हटलं की देणगी मिळते, फोटो निघतात. एक लाख सत्तर हजार माणसांना नळ, संडास आणि गटार देणं हे एका महापालिकेला जमण्यासारखं काम आहे, मग न दिल्याचं कारण सांगावं लागतं.

या वस्तीची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. इंग्रजांच्या फौजेतल्या नुबी शिपायांना नोकरी संपल्यावर शहराबाहेरच्या रानात राहू दिलं. ‘किब्रा’ म्हणजे त्यांच्या भाषेत रान. राहू दिलं, पण जमिनीचा कागद दिला नाही. तो कागद नुबी समाजाला २०१७ साली मिळाला, २८८ एकरांचा. बाकीच्या वस्तीत बहुतेक लोक भाडेकरू आहेत. जमीन सरकारची, पत्र्याची खोली तिसऱ्याच कुणाची, आणि तो मालक बहुधा वस्तीत राहतसुद्धा नाही. दहा बाय दहाची खोली, कुडाच्या नाहीतर पत्र्याच्या भिंती, पाणी वीस लिटरच्या कॅनने विकत.

आणखी एक इतिहास तुम्हाला सांगायला हवा, कारण तो आपल्या पुस्तकांत येत नाही. इंग्रजांना नैरोबीत आफ्रिकी पुरुष हवे होते, ते फक्त मजूर म्हणून. त्यांच्या गळ्यात ‘किपांडे’ नावाचा ओळखपत्राचा डबा अडकवला होता. बायका गावीच राहाव्यात, शेती करावी, पोरं वाढवावीत, म्हणजे पुरुषाला कुटुंब पोसण्याइतकी मजुरी द्यावी लागत नाही, असा हिशेब. तरीही बायका आल्या. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, वांझ म्हणून हाकललेल्या. पुम्वानी, पांगानी या जुन्या वस्त्यांत त्यांनी दारू गाळली, जेवण विकलं, देहही विकला, आणि त्या पैशांतून स्वतःच्या नावावर घरं बांधली. लुईझ व्हाइट या इतिहासकार बाईंचं १९९० सालचं पुस्तक यावर आहे. त्या शहरात बाईचा धंदा उभा राहिला तो असा, बेकायदा म्हणून. आज त्याच बाईला ‘उद्योजिका’ म्हणतात. मधल्या काळात तिचं काय बदललं ते आता पाहू.

माझं पंधरा दिवसांचं ठाणं होतं एका भाजीवालीच्या फळीपाशी. नाव सांगत नाही. तिकडे अशा बाईला ‘मामा म्बोगा’ म्हणतात, भाजीवाली आई. चार खांब, वर पत्रा, पुढे फळी. फळीवर टोमॅटोच्या चार-चारच्या ढिगाऱ्या, कांदे, कोथिंबिरीच्या काड्या आणि ‘सुकुमा विकी’. ही आपल्या कोबीच्या जातीतली पालेभाजी. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’. आपण दिवस ढकलतो, त्या आठवडा ढकलतात!

पहाटे चारला ती उठायची. सव्वाचारला बाहेर. घाऊक भाजीबाजार शहराच्या मध्यात, त्याला मारिकिती म्हणतात. दोघी-तिघी मिळून एक गोणी घ्यायच्या, तिथेच जमिनीवर वाटून घ्यायच्या, कारण एकटीला आख्खी गोणी परवडत नाही आणि तिच्याच्याने खपतही नाही. परत येताना गोणीचं भाडं वेगळं. सातला पोरांना शाळेत धाडून फळीवर. दिवसभर गिऱ्हाईक तुरळक. खरा धंदा संध्याकाळी पाच ते नऊ. श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी करून, बांधकामावरून, कारखान्यातून माणसं पायी परततात तेव्हा.

त्या वेळी तिचा हात पाहण्यासारखा असतो. सुकुमाची जुडी डाव्या मुठीत आवळून ती सुरीने हवेतल्या हवेत इतकी बारीक कापते की आपल्या कोशिंबिरीला लाजवावं. पाटही नाही, विळीही नाही. गिऱ्हाईक बाई दमून आलेली, घरी दिवा नाही, रॉकेल महाग. कापलेली भाजी थेट कढईत जाते. या कापण्याचा ती वेगळा पैसा घेत नाही. मी विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही.

तिकडे सगळं थोडं थोडं विकलं जातं. त्याला ‘कादोगो’ म्हणतात, म्हणजे चिमुकलं. तेल पळीभर. कोळसा एक डबा. मक्याचं पीठ ‘गोरोगोरो’ नावाच्या टिनच्या डब्याने, आपल्या मापट्यासारखं. साखर कागदाच्या पुडीत. अर्थतज्ज्ञ म्हणतात गरिबाला यात महाग पडतं. पडतंच. पण ज्याला रोजची मजुरी रोज मिळते तो महिन्याचं तेल कसं भरेल?

आता माझी चूक सांगते. मी आपल्या शिबिरांत इतकी वर्षं हिशेब शिकवत आले, तेव्हा तिथेही माझ्यातली मास्तरीण जागी झाली. तिच्या वहीत उधारीची नावं पानभर होती. दुभाष्या मुलीमार्फत मी तिला सांगितलं, उधारी बंद कर, तुझा फायदा दीडपट होईल. ती हसली. मग बोटाने एकेक नाव दाखवत सांगू लागली. ही माझी मुलगी आजारी पडली तेव्हा रात्री बरोबर आली. हिच्या खोलीत मी माझी गोणी ठेवते. हिचा नवरा पाणी भरून देतो. हा शिपायांची गाडी आली की ओरडून सांगतो. यांना उधारी बंद केली तर मी बसू कुठे?

मैत्रिणींनो, ‘गाडी आली’ ही हाक मला परदेशात ऐकायला मिळाली! आपल्याकडे महापालिकेची गाडी आली की टोपल्या उचलून पळतात, तस्सं. कौन्सिलच्या शिपायांना तिकडे ‘कांजो’ म्हणतात. माल उचलतात, चिरीमिरी घेतात. तिच्या वहीतली उधारी म्हणजे तिचा विमा होता, गोदाम होतं, पहारा होता आणि पाळणाघर होतं. मी त्याला ‘बुडीत खातं’ म्हणत होते.

असल्या धंद्यांना एक शास्त्रीय नाव मिळालं तेही याच भागातून. कीथ हार्ट नावाच्या अभ्यासकाने घानामधल्या आक्रा शहरातल्या निमा या गरीब वस्तीत काम केलं आणि १९७१ साली निबंध वाचला. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा केनियावरचा अहवाल आला आणि ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्द जगभर झाला. त्या अहवालाने चांगलं सांगितलं होतं: हे लोक बेकार नाहीत, कष्ट करताहेत, त्यांच्या झोपड्या पाडू नका, परवान्यांचा जाच कमी करा. त्याच १९७२ साली अहमदाबादेत इलाबेन भट्टांनी ‘सेवा’ची नोंदणी केली. अनौपचारिक, असंघटित असली नावं त्यांना पसंत नव्हती. त्या ‘स्वाश्रयी’ म्हणत. बाई जे आहे त्यावरून नाव ठेवा, ती जे नाही त्यावरून कशाला? पुढे १९८८ चा ‘श्रमशक्ती’ अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखाली आला, तो आपल्यापैकी जुन्याजाणत्यांनी वाचलेला आहे.

केनियात लोकांनी स्वतः दिलेलं नाव आहे ‘जुआ काली’, म्हणजे कडक ऊन. उघड्यावर उन्हात बसून पत्रे ठोकणारे, पेट्या-शेगड्या करणारे कारागीर ते जुआ काली. पण नीट पाहिलं तर जुआ काली म्हणून ज्यांचं कौतुक होतं ते बहुतेक पुरुष आहेत. लोखंड पुरुषांचं, लाकूडकाम पुरुषांचं, मोटरसायकलची भाडी पुरुषांची. बाईकडे भाजी, सुकी मासळी, मांदाझी म्हणजे तळलेले गोड पाव, जुने कपडे, केस विंचरणं. म्हणजे जे घरात फुकट करायची तेच रस्त्यावर आणून मांडलं. त्याला भांडवल कमी लागतं, पोर पाठीला बांधून करता येतं, आणि शेजारीण तेच करते म्हणून भाव वाढत नाही. २०१६ च्या सरकारी पाहणीत केनियात ७४ लाख छोटे धंदे मोजले, त्यातले ५८ लाखांहून अधिक बिनपरवान्याचे. आणि या बिनपरवान्याच्या धंद्यांत बायका निम्म्याहून जास्त.

सुक्या मासळीवरून एक सांगते. ‘ओमेना’ नावाची करंगळीएवढी मासळी तिकडे गरिबाचं कालवण आहे, आपल्या सुकटीसारखी. ती व्हिक्टोरिया सरोवरावरून येते. होड्या पुरुषांच्या. होडीचा माल मिळावा म्हणून मासळीवालीला कोळ्याशी झोपावं लागतं, हा तिथला रिवाजच झालेला आहे आणि त्याला नावही आहे, ‘जाबोया’. एचआयव्हीने तो सगळा किनारा पोखरला. काही बायकांनी एकत्र येऊन स्वतःच्या होड्या मिळवल्या, मगच त्यांना नाही म्हणता आलं. किबेराच्या फळीवर ओमेनाचा छोटासा ढीग असतो, त्याची किंमत कोणी कशाने चुकवलेली असते ते ढिगाऱ्यावर लिहिलेलं नसतं.

आता पैशाची गोष्ट. तिकडे भिशीला ‘चामा’ म्हणतात. प्रत्येक बाईचा एक तरी चामा असतोच, काहींचे तीन. आठवड्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकीला सगळी. दुसऱ्या पेटीतून कर्ज. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे. उशिरा आलीस तर दंड, बैठकीत फोन वाजला तर दंड. मी ज्या चामात बसले तिथे एका बाईचा हप्ता दोनदा चुकला होता. तासभर खडाजंगी झाली. एकजण तर फाडफाड बोलत होती. पण शेवटी काय ठरलं? तिची पाळी मागे टाकली आणि दोघींनी तिच्या पोराच्या फीचे पैसे पेटीतून वेगळे काढले. तिची अडचण काय आहे ते सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, भांडण चालू असतानाही.

आणि त्याच बाईच्या हातात फोन होता. मार्च २००७ मध्ये केनियात ‘एम-पेसा’ आलं. फोनवरून पैसे पाठवायचे. फार सोयीचं आहे, खोटं कशाला बोलू? गावी आईला पैसे धाडायला बसवाल्याच्या हातापाया पडावं लागत नाही, रात्री कमरेला रोकड बांधून चालावं लागत नाही. नवऱ्याच्या नजरेआड चार पैसे राहतात, हे तर बायकांनी मला आपण होऊन सांगितलं. पण २०१२ च्या नोव्हेंबरपासून त्याच फोनवर कर्ज मिळू लागलं. पहिल्या मोठ्या योजनेत महिन्याच्या कर्जाला साडेसात टक्के आकार. वर्षाचं करून पाहा, नव्वद टक्के! त्याच्यामागून ॲपांची रांग लागली. ना ओळख, ना तारण, दोन मिनिटांत पैसे. हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांना फोन: तुमची अमुक बाई चोर आहे. सासूला, शाळेच्या बाईंना, चर्चमधल्या लोकांना. ओरड इतकी झाली की डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलून या ॲपवाल्यांना केंद्रीय बँकेचा परवाना सक्तीचा करावा लागला. २०२२ ची निवडणूक विल्यम रुटो ‘हसलर’ लोकांच्या, म्हणजे हातावर पोट असलेल्यांच्या नावावर जिंकले. निशाणी ढकलगाडी. त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ टक्के व्याजाचं सरकारी फोन-कर्ज काढलं, ५०० शिलिंगांपासून पुढे. आमच्या भाजीवालीने तेही काढलं होतं. कशाला, तर ॲपचं फेडायला. आणि ॲपचं कशाला काढलं होतं? शाळेची फी. भाजीत त्यातला एक शिलिंगही गेला नव्हता. कागदोपत्री मात्र ते ‘उद्योगासाठी’ कर्ज.

हे ऐकताना मला आपल्या वस्तीतली एकजण आठवत होती. ती आज इथे नाही. पोळी-भाजी केंद्र चालवायची, आपल्या शिबिरात पहिली आलेली. तिला पहिलं कर्ज एका कंपनीकडून मिळवून दिलं ते मी. गटाच्या दहाजणी जामीन राहिल्या, तेही माझ्या शब्दावर. त्या कर्जातून नवऱ्याचं ऑपरेशन झालं. ते फेडायला दुसऱ्या कंपनीचं, मग तिसऱ्या. वसुलीवाला तिच्या दारात बसायचा आणि तिच्याच गटातल्या बायकांना तिथे आणून बसवायचा, कारण तिचा हप्ता त्यांच्या डोक्यावर. ज्या बायकांना आपण एकमेकींसाठी उभं राहायला शिकवलं त्यांनाच त्याने पहारेकरी केलं. एके दिवशी ती खोलीला कुलूप लावून निघून गेली. फोन बंद. मी त्या वेळच्या अहवालात तिचं नाव ‘यशस्वी उद्योजिका’ म्हणून छापलं होतं. तो अंक माझ्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट राहिली, जागेची. बाईचा धंदा बुडतो तो हिशेब न आल्यामुळे फार थोड्या वेळा. २७ मार्च २०२० पासून कोविडची संचारबंदी आली, संध्याकाळी सात ते पहाटे पाच. आता मघाची वेळ आठवा: पहाटे चारला घाऊक बाजार, संध्याकाळी पाच ते नऊ विक्री. दोन्ही गेलं. जुलै २०१८ मध्ये किबेरातून रस्ता काढायला सरकारने घरं, शाळा, दुकानं पाडली, हजारो माणसं उघड्यावर आली. शेजारीच तोई बाजार आहे, मितुंबाचा, म्हणजे परदेशातून गाठींनी येणाऱ्या जुन्या कपड्यांचा. आपल्या बोहारणींनी तिथे जाऊन पाहावं असा बाजार! गाठ न फोडता घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. तो बाजार निवडणुकीनंतरच्या दंगलीत जानेवारी २००८ मध्ये जळाला. २०१९ मध्ये पुन्हा, २०२४ मध्ये पुन्हा. २००८ नंतर तिथल्या बचत गटवाल्यांनीच तो आखून पुन्हा उभा केला.

त्या गटांचं आणि आपलं नातं जुनं आहे. ‘मुउंगानो वा वानाविजिजी’ ही झोपडवासीयांची संघटना केनियात १९९६ मध्ये उभी राहिली. घरोघर फिरून रोजची बचत गोळा करायची पद्धत तिच्याकडे ज्या देवाणघेवाणीतून गेली, तिच्या मुळाशी भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायका आहेत, १९८६ पासूनच्या ‘महिला मिलन’च्या. किबेरातल्या रेल्वेलगतच्या झोपड्या नुसत्या पाडायचं चाललं होतं, तेव्हा तिथले रेल्वेचे अधिकारी मुंबईला येऊन रुळांकाठच्या वस्त्यांचं पुनर्वसन पाहून गेले. पुढे रुळांलगतच घरं बांधली आणि धंद्याचे गाळेही. मुंबईत मात्र कित्येक बायकांना मानखुर्दच्या इमारतींत वर चढवलं आणि त्यांची टोपली खालीच राहिली. शिकवणी आपली, पण हा धडा त्यांनी आपल्याहून बरा गिरवला म्हणायचा.

तेव्हा आता ठराव. एक वित्त कंपनी आपल्या एकशेदहा गटांना फोनवरून कर्ज देऊ म्हणते आहे. आपण फक्त यादी द्यायची, आणि वसुलीला ‘सहकार्य’ करायचं. मोबदला म्हणून आपल्या दोन कार्यकर्त्यांचा पगार ती देणार. पैशांची आपल्याला निकड आहे, हे मला माहीत आहे. त्या दोघींपैकी एक माझी भाची आहे. तरी माझं मत विरुद्ध आहे. आपल्या पेटीतली कर्जाची मर्यादा वाढवता येईल का, फी आणि आजारपणासाठी वेगळी पेटी काढता येईल का, आणि फेरीवाला कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीवर आपली बाई जाईल का, हे मी मांडणार आहे. कायदा २०१४ चा आहे. आपल्या प्रभागातल्या किती भाजीवाल्यांकडे विक्रीचं प्रमाणपत्र आहे ते मागच्या महिन्यात मोजायला घेतलं, चार गल्ल्या झाल्यात, सहा राहिल्यात. ज्यांना उद्या सकाळी वेळ आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्या. सातला निघायचं आहे, कारण नऊनंतर त्या बसत नाहीत, गाडी येते.